लांडगा, मेंढ्या आणि आपण

१

गेल्या दिवाळीत फराळाची ताटे उचलली गेल्यावर माझ्या सहा वर्षांच्या नातीने गोष्टीचा हट्ट धरला. आयत्या वेळी आजोबांच्या पोतडीतून निघते ती इसापाची गोष्ट. मी तिला ‘लांडगा आला रे आला’ सांगितली. मेंढ्या राखणारा मुलगा दोनदा खोटाच ओरडला, गावकरी दोनदा काठ्या घेऊन धावले आणि चरफडत परत गेले. तिसऱ्यांदा लांडगा खराच आला, तेव्हा कोणी फिरकले नाही. ‘म्हणून खोटे बोलू नये,’ हे तात्पर्य मला लहानपणी जसे सांगण्यात आले होते तसेच सांगून मी मोकळा झालो. नात क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “पण आजोबा, मेंढ्यांनी काय केलं होतं?”

मी उभा जन्म पुस्तकांवर टीका लिहिण्यात घालवला आहे. पण या गोष्टीवर इतकी नेमकी टीका मला कधी सुचली नव्हती. तात्पर्य मुलाला उद्देशून आहे. गावकऱ्यांचे वर्तन योग्यच होते असे गोष्ट गृहीत धरते. नुकसान मात्र मेंढ्यांचे होते, आणि त्या मेंढ्या गावकऱ्यांच्याच होत्या! दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा शहाणा होतो, असे आपण म्हणतो. या गोष्टीत नेमक्या त्या शहाणपणाचीच किंमत सर्वांत जास्त पडली आहे.

दुसरेही एक न्यून मला आता दिसू लागले. गोष्टीतला मुलगा लबाड आहे. लांडगा नाही हे त्याला ठाऊक आहे. पण झुडपात काहीतरी हालले, ते लांडगा असेल किंवा नुसता वाराही असेल, अशा वेळी ओरडणाऱ्या प्रामाणिक मुलाची गोष्ट कोणी सांगितली आहे? तो ओरडला आणि वाराच निघाला, तर त्याला लबाड म्हणायचे काय? आणि तो गप्प राहिला व लांडगाच निघाला, तर?

हे सारे दिवाळीच्या गोड तोंडी कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण असे की, फ्लूची जागतिक साथ येऊ शकते असे कोणी म्हटले की आपल्या ओसरीवर, कचेरीत आणि लोकलच्या डब्यात हीच गोष्ट हटकून निघते. “हे डॉक्टर लोक दर चार वर्षांनी ओरडतात,” असे कोणीतरी म्हणतो आणि मंडळी माना डोलावतात. मीही डोलावल्या आहेत. नुसत्या डोलावल्या नाहीत, त्यावर लेखही लिहिला आहे. त्या लेखाचा हिशेब पुढे देणारच आहे. पण आधी हे पाहू, की ज्याला लांडगा म्हणतात तो मुळात कोणी पाहिला होता काय.

२

पाहिला होता, आपल्याच घरांनी पाहिला होता. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत गोदीवर पहाऱ्याला असलेला एक शिपाई आणि पोलिसांतले त्याचे काही सोबती तापाने इस्पितळात आले. ही पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात आलेली दुसरी लाट मात्र भयंकर निघाली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. साऱ्या हिंदुस्थानात किती गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींच्या आसपास जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. आपल्या शिरगणतीच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही.

एवढे होऊनही मानमोडीची आठवण आपल्या मनात किती आहे? माझ्या आजोबांची थोरली बहीण त्या साथीत गेली. आमच्या घरच्या जुन्या चोपडीत तिच्या नावापुढे ‘आश्विनात तापाने वारली’ एवढीच ओळ आहे. तिच्याविषयी घरात कोणी कधी बोलल्याचे मला आठवत नाही. उलट १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगच्या कथा मी लहानपणी शेकडो वेळा ऐकल्या. घरात शिरणारे गोरे सोजीर, रँड, चाफेकर बंधू, टिळकांवरचा खटला, आणि रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः प्लेगला बळी पडलेल्या सावित्रीबाई फुले! प्लेगला कथानक होते, नायक-नायिका होत्या आणि खलपुरुषही होता. मानमोडीला रँड नव्हता. ती आली, दोन-तीन महिन्यांत घरे रिकामी करून गेली, आणि दोष कोणाला द्यावा हेच लोकांना समजेना. मुंबईचा आरोग्याधिकारी म्हणे की रोग जहाजातून आला. सरकारी पक्ष म्हणे की जहाजावरच्या लोकांनाच तो मुंबईत जडला. हा विषाणूचा रोग आहे हे तर तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली.

ज्या संकटाला खलपुरुष नसतो ते माणसाच्या स्मरणात टिकत नाही, असा एक सिद्धांत मला यावरून मांडावासा वाटतो. वाङ्मयही याला फारसा अपवाद नाही. हिंदीत निरालांनी ‘कुल्ली भाट’मध्ये त्या साथीतले प्रेतांनी भरलेले गंगेचे पात्र दाखवले. त्या साथीत त्यांची पत्नी आणि घरची कितीतरी माणसे गेली होती. अमेरिकेत कॅथरीन ॲन पोर्टर या लेखिकेने स्वतः त्या आजारातून उठून ‘पेल हॉर्स, पेल रायडर’ ही दीर्घकथा लिहिली. दोन्ही पुस्तके १९३९ च्या सुमाराची, म्हणजे साथीनंतर सुमारे वीस वर्षांनी आलेली. दोन देश, दोन भाषा, एकमेकांची वार्ता नसलेले दोन लेखक. पण दोघांनाही बोलायला वीस वर्षे लागली. आणि दोघांच्याही लिखाणात त्रागा नाही. पोर्टरची नायिका बरी होऊन उठते, तेव्हा बाहेर युद्ध संपल्याचा जल्लोष चालू असतो आणि तिचा प्रियकर तापाने गेलेला असतो. निराला दुःखाचे प्रदर्शन करीत नाहीत. पाहिले ते सांगतात आणि पुढे जातात. ज्याने लांडगा पाहिला तो पुष्कळदा ओरडत नाही, हा अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे. अल्फ्रेड क्रॉस्बी या इतिहासकाराने आपल्या त्या साथीवरील ग्रंथाच्या १९८९ च्या आवृत्तीला ‘अमेरिकेची विसरलेली महामारी’ अशा अर्थाचे नाव दिले. आपल्याला ते नाव तितकेच, कदाचित अधिकच, लागू पडते.

३

साऱ्या देशाच्या वतीने एकाने लांडगा आला म्हणून ओरडावे आणि लांडगा येऊच नये, असा प्रसंग १९७६ साली अमेरिकेत घडला. त्यावर रिचर्ड न्यूस्टाट आणि हार्वी फाइनबर्ग यांनी लिहिलेला अहवाल १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक राज्यशास्त्रज्ञ आणि एक डॉक्टर यांनी मंत्र्याच्या सांगण्यावरून लिहिलेले हे सरकारी पुस्तक. पण मी ते नाटक वाचावे तसे वाचले. वाचताना एक गोष्ट मनावर ठसली: यात खलपुरुष नाही.

पहिला अंक न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर घडतो. फेब्रुवारीत एक तरुण सैनिक अंगात ताप असताना लांबच्या संचलनाला गेला आणि दगावला. त्याच्या व इतर काही सैनिकांच्या घशातून जो विषाणू मिळाला तो डुकरांच्या फ्लूचा. आणि १९१८ चा विषाणू त्याच कुळातला असावा असे शास्त्रज्ञ मानत होते. म्हणजे झुडूप खरोखरच हालले होते. १९१८ ची आठवण असलेले शास्त्रज्ञ हादरले. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी, पोलिओच्या लशींचे दोन्ही जनक साल्क आणि सेबिन यांना जवळ उभे करून, साऱ्या राष्ट्राला लस टोचण्याचा संकल्प सोडला. साडेतेरा कोटी डॉलर मंजूर झाले.

दुसऱ्या अंकात गुंतागुंत वाढते. विमा कंपन्यांनी लशीची जोखीम घ्यायचे नाकारले. त्यातच फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात एका अनोळखी आजाराने माणसे मरू लागली, आणि हाच तो फ्लू अशी आवई उठली. तो फ्लू नव्हता; पण त्या भीतीच्या भरात कायदा झाला आणि जोखीम सरकारने उचलली. ऑक्टोबरात लस टोचणे सुरू झाले. पिट्सबर्गमध्ये लस घेतलेली तीन वृद्ध माणसे एकाच दिवशी वारली. लशीशी त्याचा संबंध सापडला नाही. पण बातमी पसरायची ती पसरली. राष्ट्राध्यक्षांनी दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांपुढे स्वतःचा दंड पुढे केला.

तिसऱ्या अंकात लांडगा येत नाही. फोर्ट डिक्सच्या बाहेर साथ पसरलीच नाही. सुमारे दहा आठवड्यांत चार कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली, आणि मग त्यांच्यापैकी काहींना गिलाँ-बारे नावाचा अंग लुळे करणारा विकार झाल्याचे दिसू लागले. लाखांत सुमारे एक, एवढेच ते जादा प्रमाण होते. साथ असती तर लोकांनी ते सोसले असते. साथच नाही, तर तो एकही जड झाला. डिसेंबरच्या मध्यात मोहीम थांबली. फोर्ड त्याआधीच निवडणूक हरले होते. साथनियंत्रण केंद्राचे संचालक डेव्हिड सेन्सर यांना पुढच्या वर्षी जावे लागले.

या पुस्तकाचे मोठेपण असे की, ते कोणाला लबाड ठरवून सुटत नाही. तुटपुंज्या पुराव्यावर तज्ज्ञांनी फार मोठा भरवसा ठेवला, हा त्याचा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. जेवढे ठरवणे भाग होते त्याहून अधिक त्यांनी एकदमच ठरवून टाकले. लस तयार करणे वेगळे आणि ती टोचणे वेगळे. लस तयार करून ठेवावी आणि साथ दिसली तर टोचावी, अशी मधली पायरी होती. समितीतल्या एका सदस्याने ती बोलूनही दाखवली होती. पण मंडळी घाईत होती. तिसरा आक्षेप: काय दिसले तर आपण निर्णय बदलू, हे त्यांनी आधी ठरवून ठेवले नव्हते. आणि चौथा: लोकांचा विश्वास हे आपले भांडवल आहे, ते आज उधळले तर उद्या कशाच्या बळावर बोलणार, याचा विचार केला नव्हता.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते साथ न आल्यानंतर लिहिलेले आहे. गोष्टीचा शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला प्रत्येक पात्राच्या चुका स्वच्छ दिसतात. आम्हा टीकाकारांचा तर तो पिढीजात रोग! सेन्सरनी पुढे २००६ साली एका सहकाऱ्याबरोबर त्या दिवसांचा आढावा घेतला. माणसांच्या जिवाचा प्रश्न असताना कमी करण्यापेक्षा जास्त करून चुकलेले बरे, अशी त्यांची भूमिका त्यातही कायम राहिली. ज्याने आपली जागा गमावली तो तीस वर्षांनीही असे म्हणतो, याला मी हट्ट म्हणणार नाही. न्यूस्टाट-फाइनबर्ग यांचे पुस्तक आणि सेन्सर यांचे म्हणणे, दोन्ही शेजारी ठेवून वाचली म्हणजे खरा पेच ध्यानात येतो.

४

येथे कोणी मला इब्सेनची आठवण देईल. त्याच्या ‘लोकशत्रू’ या १८८२ च्या नाटकात डॉक्टर स्टॉकमन गावातल्या आरोग्यस्नानाच्या पाण्यात रोगजंतू असल्याचे सांगतो. आधी वर्तमानपत्रवाले त्याला डोक्यावर घेतात. दुरुस्तीचा खर्च करातून जाणार असे कळताच फिरतात. नगराध्यक्ष असलेला सख्खा भाऊ वैरी होतो, आणि भर सभेत गाव त्याला लोकशत्रू ठरवते. सत्य सांगणारा एकटा आणि न ऐकणारे बहुसंख्य, हे चित्र आमच्या पिढीच्या मनावर फार खोल उमटले.

आज मात्र मला या नाटकाविषयी एक तक्रार करावीशी वाटते. स्टॉकमनच्या हातात प्रयोगशाळेचा कागद आहे. त्याला नक्की माहीत आहे. साथीचा इशारा देणाऱ्याला नक्की माहीत नसते. तो शक्यता सांगतो. इब्सेनने आपल्याला निश्चित सत्याचा नायक दिला; अनिश्चित सत्याचा नायक दिला नाही. याचा परिणाम असा की, आज इशारा देणाराही स्वतःला स्टॉकमन समजतो आणि इशाऱ्याला हसणाराही. लस घेऊ नका म्हणणारा म्हणतो, मी एकटा खरे बोलतो आहे, म्हणूनच लोक मला शत्रू मानतात. एकटे असणे ही सत्याची खूण नव्हे. पण नाटकाच्या भारून टाकणाऱ्या शेवटामुळे तसे वाटू लागते. सत्यजित राय यांनी ‘गणशत्रू’त हेच कथानक बंगालमधल्या देवळाच्या तीर्थावर बेतले, तेव्हा शेवट बदलला. त्यांचा डॉक्टर एकटा उरत नाही. बाहेरून त्याच्या बाजूने उठलेल्या घोषणा ऐकू येतात. नाट्य म्हणून तो शेवट फिका पडतो असा माझा पूर्वीचा अभिप्राय होता. आता वाटते, रायना एक गोष्ट इब्सेनपेक्षा अधिक कळली होती: साथ एकट्याने थोपवता येत नाही. लोक बरोबर आले नाहीत तर डॉक्टरचे खरे असणे मेंढ्यांच्या काय कामाचे?

५

आता माझ्या लेखाचा हिशेब. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये एच५एन१ हा फ्लू सापडला. भारतातला तो पहिलाच उद्रेक. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. कोंबडी आणि अंडी यांचे भाव कोसळले, आणि भीती घालवण्यासाठी ठिकठिकाणी कोंबडी खाऊन दाखवण्याचे कार्यक्रम झाले. त्या उद्रेकात एकाही माणसाला लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही. त्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात मी ‘कोंबडीची महायात्रा’ नावाचा विनोदी लेख लिहिला. अंड्याकडे पाहून हात धुणारे शेजारी, मृत्युपत्र करायला निघालेले पेन्शनर, अशी पात्रे त्यात होती. लेख गाजला. ‘हसून हसून मुरकुंडी वळली’ अशी पत्रे आली.

त्यांतच खानदेशातून एक कार्ड आले होते. लिहिणाऱ्याच्या शेडमधली सारी कोंबडी मारण्यात आली होती. नुकसानभरपाई आणि कर्ज यांचा मेळ बसत नव्हता. त्याने रागावून काही लिहिले नव्हते; लेखात कोंबडीवाला कोठे दिसला नाही, एवढेच विचारले होते. मी ते कार्ड खणात टाकले आणि उत्तर दिले नाही.

परवा तो लेख पुन्हा वाचला. आपल्याच लिखाणावर टीका करायची पाळी आली म्हणजे सौजन्याची अडचण नसते, म्हणून स्पष्ट सांगतो: लेख वाईट आहे. विनोद साधला आहे, पण नेम चुकला आहे. माझा सारा विनोद भ्यायलेल्या माणसावर आहे. ‘काहीच झाले नाही’ हे त्याचे गृहीत आहे, आणि काही झाले नाही ते का झाले नाही हा प्रश्नच त्यात नाही. अंग झाकून त्या शेडमध्ये शिरलेले लोक आणि ज्याची शेड रिकामी झाली तो मनुष्य, या दोघांनी मिळून जे केले त्याचे फळ ‘काहीच न होणे’ हेही असू शकते, हे मला सुचले नाही.

ते सुचायला हवे होते, कारण उदाहरण डोळ्यांपुढे होते. १९९७ मध्ये हाँगकाँगला हाच विषाणू कोंबड्यांतून माणसांत आला. अठरा जणांना लागण झाली आणि सहा जण गेले. डिसेंबरच्या अखेरीस तेथल्या सरकारने शहरातल्या तेरा लाखांहून अधिक कोंबड्या काही दिवसांत मारल्या, आणि त्या उद्रेकातली माणसांची लागण थांबली. हा लांडगा वेशीवरून परतवला गेला. पण परतवलेला लांडगा आणि न आलेला लांडगा, दोन्ही गावकऱ्यांना सारखेच दिसतात. यशस्वी राखणदाराचे दुर्दैव असे की, त्याचे यश दाखवायला त्याच्यापाशी काही उरत नाही.

हाँगकाँगच्या त्या वेळच्या आरोग्यप्रमुख मार्गारेट चॅन यांनी आधी, मीही कोंबडी खाते, असे सांगून लोकांना धीर दिला होता. त्याबद्दल त्यांना बेफिकीर म्हणून बोल लागले. त्याच बाई पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुख झाल्या. ११ जून २००९ रोजी त्यांनी स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर केली, तेव्हा त्यांना घाबरट म्हटले गेले. एकाच व्यक्तीला बारा वर्षांच्या अंतराने दोन्ही शिव्या मिळाल्या. राखणदाराच्या नोकरीचे याहून चांगले वर्णन मला माहीत नाही.

६

२००९ चा ऑगस्ट पुण्याने पाहिला. देशातला या साथीचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि दोन दिवसांत शहराचा नूर पालटला. शाळा बंद, नायडू रुग्णालयापुढे रांगा, तोंडाला रुमाल, खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी. मी स्वतः ती पुरचुंडी हुंगत बँकेत गेलो आहे! विनोदी लेखकाची ही दशा. गणपती आले आणि गेले; हळूहळू रुमाल सुटले. पुढच्या ऑगस्टमध्ये साथ संपल्याचे जाहीर झाले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू जगभरात साडेअठरा हजारांच्या आसपास. “एवढ्यासाठी हा गोंधळ?” असे लोक म्हणाले. लसकंपन्यांच्या फायद्यासाठी हे सारे रचले, असाही आरोप युरोपात झाला. खलपुरुष हवाच होता, तो मिळाला.

दोन गोष्टी नंतर घडल्या, त्या मात्र फारशा कोणी वाचल्या नाहीत. २०१२ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला की, प्रयोगशाळेपर्यंत न पोचलेले मृत्यू धरले तर आकडा दीड लाखापासून पावणेसहा लाखांपर्यंत जातो; आणि त्यातले बहुसंख्य पासष्टीच्या आतले होते. म्हणजे ‘फक्त’ हा शब्द आपण घाईने वापरला होता. दुसरी गोष्ट अशी की, त्या साथीतल्या कारभाराची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते तेच हार्वी फाइनबर्ग. २०११ च्या त्यांच्या अहवालाला कंपन्यांच्या दबावाचा पुरावा सापडला नाही. पण सल्लागारांची नावे गुप्त ठेवून संघटनेने संशयाला जागा दिली, असा ठपका त्याने ठेवला. आणि खरी तीव्र साथ आली तर जग तयार नाही, असेही बजावले. नऊ वर्षांनी करोना आला. तो फ्लू नव्हता. पण जग तयार नव्हते, हे प्रत्येक घराने पाहिले. त्यावर मी अधिक लिहीत नाही. या अंकाच्या कितीतरी वाचकांच्या घरी त्या वर्षापासून फराळाचे एक ताट कमी मांडले जाते.

आणि कोंबडीचा तो जुना विषाणू? २०२४ मध्ये तो अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत आढळला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या नागपूरजवळ गोरेवाड्याला तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने मेले. याचा अर्थ उद्या साथ येणार असा नाही. येणार नाही असाही नाही. झुडूप हालते आहे, एवढेच खरे.

७

मग आपण करावे काय? दर हाकेला काठी घेऊन धावायचे, की पांघरूण ओढून घ्यायचे? मी टीकाकार आहे; मला येते ते एकच, वाचणे. इशारा हाही एक मजकूर आहे आणि तो मजकुरासारखाच वाचावा, असे मला वाटते. इशारा देणारा आपल्याला काय माहीत आहे हे सांगतो, तसेच काय माहीत नाही हेही सांगतो काय? आज काय केलेच पाहिजे आणि काय उद्यावर ठेवता येईल, हे निरनिराळे ठेवतो काय? काय दिसले तर तो आपला शब्द मागे घेईल? ज्याची शेड रिकामी होणार त्याचा त्याने विचार केला आहे काय? या प्रश्नांना जो सरळ उत्तर देतो, त्याची हाक खोटी ठरली तरी तो लबाड ठरत नाही, आणि पुढच्या हाकेलाही त्याला आपले कान मिळाले पाहिजेत.

पण हाच नियम शंका घेणाऱ्यालाही लावला पाहिजे. शंका ही मोठी गोष्ट आहे. १९७६ च्या समितीतल्या त्या एका सदस्याचे ऐकले असते तर बरे झाले असते. पण त्याची शंका प्रश्नाच्या रूपात होती. तिला उत्तर हवे होते. माझ्या २००६ च्या लेखातल्या शंकेला उत्तर नको होते, टाळ्या हव्या होत्या. काय दिसले तर तुमचे मत बदलेल, असे मला तेव्हा कोणी विचारले असते तर मजजवळ उत्तर नव्हते. ज्या शंकेला असे उत्तर देता येत नाही, ती शंका नसून नुसता आळस असतो. तो शहाणपणाचा अंगरखा घालून हिंडतो, म्हणून ओळखू येत नाही, इतकेच.

खानदेशातल्या त्या वाचकाला मी या दिवाळीपूर्वी पत्र लिहिले. इतक्या वर्षांनी पत्ता तोच असेल किंवा नसेलही. लेखात कोंबडीवाला असायला हवा होता, एवढेच त्यात लिहिले आहे.

आणि नातीला गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी मुलगा लबाड नव्हता. त्याला झुडपात काहीतरी दिसले होते. गावकरी दोनदा आले, लांडगा नव्हता. “मग तिसऱ्यांदा?” तिने विचारले. मी म्हटले, तिसऱ्यांदा सगळे आले नाहीत. पण दोघे-तिघे कंदील घेऊन आले. तिने थोडा विचार केला.

“दोघे-तिघे पुरतात का, आजोबा?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी तिला म्हटले, आपण दोघे गेलो तर चार-पाच होतील.